बंद राउटरचं नेट

"सर्वेश, राउटर नक्की बंद केलास ना?" ऋतिकाने काशीताईच्या खोलीतून विचारलं.

"बटण बंद केलं, वायर पण काढली. राउटर हातात धरून उभा आहे," बाहेरच्या खोलीतून धाकट्या भावाचं उत्तर आलं.

ऋतिकाने पुन्हा मोबाइलकडे पाहिलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. राउटर बंद होता, तरी घरच्या वायफायचं नाव स्क्रीनवर दिसत होतं. तेही सिग्नलच्या सगळ्या रेघा भरून!

मे महिन्याची सुट्टी असूनही किनाऱ्यावरच्या काळबादेवी गावातल्या त्यांच्या घरात काल रडारड झाली होती. काशीताईची मुंबईच्या एका रुग्णालयात नर्सच्या नोकरीसाठी व्हिडिओवर मुलाखत होती. पहिल्याच प्रश्नाला समोरच्या बाईंचा चेहरा गोठला, आवाज तुटला आणि सगळं बंद पडलं. रेघा भरलेल्या, पण नेट रखडत. ताईने खूप विनवण्या करून आज दुपारी चारची वेळ पुन्हा मिळवली होती. त्याआधी नेट सुधारावं म्हणून ही दोघं राउटर बंद करून बघत होती.

दोषी कोण, ते बाबांनी तर ठरवूनही टाकलं होतं. "शेजारचा रघूच आपलं नेट चोरतोय," असं ते त्याच्या आईच्या, कमळाकाकूंच्या दारात जाऊन सगळ्या वाडीसमोर बोलून आले होते. रघू ऋतिकाच्याच वर्गातला. तो खाली मान घालून आत निघून गेला होता.

"आता बाबा म्हणतील, रघूनेच हे दुसरं वायफाय लावलंय," सर्वेश म्हणाला.

"म्हणून तर त्यालाच बोलवू या."

रघू आला, पण अंगणातच थांबला. "तुमच्या घरात पाय ठेवायची भीती वाटते. उद्या आणखी काही हरवलं तर?"

ऋतिकाने मोबाइल पुढे केला. "हे बघ. आमचा राउटर बंद आहे."

रघूने डोळे विस्फारले. "म्हणजे दुसरा कुठेतरी चालू आहे. आधी माझ्याच घराकडे चला. खात्री करून घ्या."

तिघे निघाले, तशा रेघा एकेक करून कमी झाल्या. रघूच्या अंगणात एकही उरली नाही. ऋतिकाला मनातून अगदी शरमल्यासारखं झालं. ते मागे फिरले. ताईच्या खिडकीखाली रेघा पुन्हा भरल्या. खिडकीसमोर मासेमारीची जाळी ठेवायची खोपी होती. तिचं दार लोटून सर्वेशने जाळ्यांच्या ढिगाखाली हात घातला आणि झटकन मागे ओढला.

"काहीतरी गरम आहे!"

जाळी बाजूला केली. मासळीच्या रिकाम्या क्रेटमध्ये एक राउटर हिरवा दिवा मिचकावत बसला होता.

"हात लावू नका त्याला. आज मॅच आहे," मागून आवाज आला. दारात बाबल्याकाका उभा होता, बाबांचा धाकटा भाऊ.

"काका, हा तुझा?" ऋतिकाचा विश्वासच बसेना.

"मग कोणाचा? इथवर नेट पोचत नव्हतं, म्हणून एक राउटर माळ्यावर लावला आणि तिथून पुढे हा, नाव घरचंच ठेवून. तीन राउटर म्हणजे तिप्पट नेट. घराचं भलंच केलं की मी."

"काल बाबा रघूला चोर म्हणाले तेव्हा तू तिथेच होतास."

काकाचा चेहरा उतरला. "मला काय ठाऊक, हे या राउटरमुळे झालं म्हणून?"

"आता ठाऊक करून घेऊ," रघू म्हणाला.

त्यांनी मुख्य राउटर चालू करून मोबाइलवर वेग मोजला. त्या राउटरजवळ नेट भन्नाट धावत होतं. माळ्यावर ते निम्म्यावर आलं. खोपीत नुसता गाळ उरला.

"होडीतून मासळीच्या पाट्या उतरवतात ना, तसं आहे हे," सर्वेश विचार करत म्हणाला. "मधला माणूस पाटी घेतो, वळतो, पुढच्याला देतो. देताना त्याला दुसरी घेता येत नाही. मधली माणसं वाढवली म्हणून मासळी वाढत नाही, उलट उशीर होतो."

"आणि ताईच्या खोलीला हाच सगळ्यात जवळ," ऋतिका म्हणाली. "म्हणून तिचा लॅपटॉप यालाच चिकटत होता. रेघा पूर्ण, नेट उरलंसुरलं."

काकाने दोन्ही राउटर काढले. चार वाजता ताई बाहेरच्या खोलीत बसली. दाराला कान लावून तिघे ऐकत होते. या वेळी एकही शब्द तुटला नाही.

"मुलाखत पार पडली ती या तिघांमुळे," बाहेर येताच ताई म्हणाली. काकाने बाबांना सगळं स्वतःच सांगितलं. बाबांनी चपला घातल्या आणि ते थेट कमळाकाकूंच्या दारात गेले. मुलं घाबरून मागोमाग धावली.

"वहिनी, काल सगळ्यांसमोर बोललो, आज सगळ्यांसमोरच सांगतो. तुमचा रघू चोर नाही."

"मला नका सांगू. त्याला सांगा," काकू म्हणाल्या.

बाबा रघूकडे वळले. "चुकलं रे माझं. नीट न बघता बोललो मी. तुम्ही पोरांनी आम्हा मोठ्यांचे डोळे उघडलेत."

बाबांच्या तोंडून असे शब्द ऋतिकाने आजवर ऐकले नव्हते.

रघूने एकदा आईकडे पाहिलं. "काका, खोपीत नेट हवं असेल तर घरातल्या राउटरपासून सरळ वायर ओढा. मग वेग पडणार नाही."

"तू येशील दाखवायला?" बाबांनी विचारलं.

"येईन," रघू म्हणाला.

कमळाकाकूंनी ओट्यावर चटई टाकली. "उभे का सगळे? बसा. चहा ठेवते."