मामाच्या गळ्यावरची गोणपाटं

“डॉक्टर, तुम्ही टाके घालायला विसरलात का?”

हा प्रश्न मी भर वॉर्डात विचारला. पैजेवर. माझ्या मैत्रिणी जुई आणि अल्फिया माझ्या मनगटावरच्या पडद्यातून बघत होत्या आणि तोंडावर हात दाबून हसत होत्या. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात ‘हजर’सुद्धा इतकं हळू म्हणायचे, की बाई गैरहजेरी मांडून मोकळ्या व्हायच्या. यंदा वादविवादात दहावीच्या मुलांना गार केल्यापासून माझं तोंड जे सुटलंय, ते सुटलंच. म्हणून जुई म्हणाली, “एवढी शूर झालीस ना? मग डॉक्टरांना विचारून दाखव.”

पण प्रश्न नुसता चेष्टेचा नव्हता हं! मी स्वतः दिवा मारून मामाच्या घशात पाहिलं होतं. टॉन्सिल काढलेल्या जागी दोन्ही बाजूंना सुपारीएवढे खड्डे. ना टाका, ना पट्टी. गुडघा खरचटला तरी आई केवढं काय काय लावते, आणि इथे सगळं उघडंच?

आई कानापर्यंत लाल झाली. डॉ. वाघोलीकर मॅडम मात्र खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. “विसरले नाही. मुद्दाम घातले नाहीत. का, ते तू शोध. पुढच्या वेळी भेटू तेव्हा मला सांग.”

झालं! त्या क्षणापासून माझ्या डोक्यात भुंगा.

आता मामाची ओळख. सोमनाथमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वय छत्तीस. कराडात भिंती आता यंत्रं छापतात, पण छताचा स्लॅब पडला की लोक ‘सोमनाथ मिस्त्रीला बोलवा’ म्हणतात. त्याचा स्लॅब आजवर गळलेला नाही. तो स्वतः मात्र असा घोरायचा, की शेजारचे भिंत वाजवायचे. झोपेत मध्येच श्वास थांबायचा, दर दोन महिन्यांनी घसा धरायचा. टॉन्सिल (घशाच्या दोन बाजूंना असलेले, जंतू अडवणारे गोळे) आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागे, टाळूच्या वर लपलेला तसाच आणखी एक गोळा; तो सुजला की नाक बंद आणि वासही बंद) सुजून सुजून पार निकामी झाले होते. चौदाव्या वर्षीच काढायला सांगितलं होतं. हा पठ्ठ्या दवाखान्याच्या खिडकीतून पळाला, तो बावीस वर्षांनी परत आला, तेव्हा कुठे दोन्ही निघाले.

आणि मी आता चौदाची आहे. मी पण घोरते. नाकात बोलते. माझं नाव कस्तुरी, आणि मला धड कसला वास येत नाही! वाघोलीकर मॅडमनी मलाही तपासून तेच सांगितलं होतं. आई-बाबांनी निर्णय माझ्यावर सोडला. “मामाचं बघ, विचार कर, पंधरा दिवसांनी सांग,” बाबा म्हणाले. म्हणजे मामा माझा प्रयोग होता. त्याचं जे होईल ते बघून मी ठरवणार होते. माझी सगळी चुळबुळ त्यासाठी होती.

मामाला बरं होईपर्यंत आमच्याकडे आणलं. सोबत दवाखान्याचा यंत्रमानव आला. कमरेएवढा, डोक्यावर दिवा आणि उजवा हात चपटा, म्हणून मी त्याला चमचा म्हणायला लागले. त्याने मामाला गळपट्टा बांधला. तो पट्टा मामा दिवसात किती वेळा गिळतो ते मोजायचा.

“रुग्णाने काय करावे याच्या एकूण एकोणतीस सूचना आहेत,” चमचा म्हणाला. “पहिली...”

बोलताना दुखायचं, म्हणून मामाने पाटीवर लिहिलं, ‘ह्याला गप्प करा.’

“ठीक आहे. यापुढे विचारल्याशिवाय मी बोलणार नाही,” चमचा म्हणाला, आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. भुलीच्या गुंगीत असताना डॉक्टरांनीही तेच सगळं सांगितलं होतं. मामा तेव्हा नुसता मान डोलवत होता.

पहिले तीन दिवस मजेत गेले. मामाने आईस्क्रीम खाल्लं, मऊ भात खाल्ला, पाटीवर चित्रं काढून मला हसवलं. “एवढंच?” मी जुईला कळवलं. “मग मी पण करते!”

चौथ्या दिवशी मामा उठला तो गाल धरून. पाचव्या दिवशी कान धरून. आता घसा कापला तर कान का दुखावा? भात परत पाठवला. पाणी परत पाठवलं. गोळ्यासुद्धा ‘फारच दुखलं तर घेईन’ म्हणून उशीखाली. तोंडाला वास यायला लागला, असं आई म्हणाली. मला कुठला येतोय!

बरं होताना माणूस रोज थोडा थोडा बरा होतो ना? मग हा उलटा का चाललाय? मी हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. बाबा म्हणाले, “कस्तुरी, फरशी झिजेल.” मला बसवेचना. मनात एकच, माझंही असंच होणार.

सहावा दिवस. दुपारचे तीन. मी पाणी प्यायला उठले, तर न्हाणीघराचं दार अर्धं उघडं. आत मामा आरशासमोर, आ वासून, एका हातात दिवा, दुसऱ्या हातात चमच्याचा दांडा. म्हणजे खऱ्या चमच्याचा.

“मामा! काय करतोस?”

तो सहा दिवसांत पहिल्यांदा बोलला. घोगरं, तुटक. “आगं, पोपडा धरलाय. पांढरा. दोन्ही बाजूंनी. पोपडा खरवडल्याबिगर खालचं नवं धरत नाही.”

अठरा वर्षं त्याने हेच केलं होतं. भिंतीचा सुटलेला गिलावा थापीने खरवडायचा आणि मग नवा लावायचा. तेच तो स्वतःच्या गळ्यात करत होता!

मी त्याचा हात ओढला. पण दांडा टेकला होता. मामा थुंकला, आणि बेसिनमध्ये लाल रेघ उमटली.

“चमच्या!!” मी इतक्या जोरात ओरडले की आई स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातांनी धावली.

“मला प्रश्न विचारा,” चमचा म्हणाला.

“आता काय करायचं?”

“त्यांना ताठ बसवा. रक्त गिळू नका, थुंका. बर्फाच्या पाण्याची हळूच चूळ भरा. मी डॉक्टरांना जोडतो.”

पडद्यावर वाघोलीकर मॅडम आल्या. चमच्याने दिवा लावून मामाचा घसा दाखवला. “बारीक रेघ आहे, थांबत आलीये,” त्या म्हणाल्या. “तरीसुद्धा आत्ताच्या आत्ता घेऊन या. गळ्यातून ताजं रक्त आलं की घरी बसायचं नसतं, थोडं असलं तरी.”

बाबा गाडी आणायला गेले. आई मामाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “सोमा, अरे, लहान आहेस का तू?” डोळे पुसताना तिच्या गालाला पीठ लागलं. मामाची नजर बेसिनमध्ये. त्या माणसाला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. चौथ्या मजल्याच्या कडेवर उभं राहून तो चहा पितो!

गाडी यायला आठ मिनिटं. आठ मिनिटं गप्प उभी राहिले असते तर मी फुटले असते. मग काय, प्रश्नांची सरबत्तीच सुरू केली.

“चमच्या, तो पांढरा थर म्हणजे पू आहे का?”

“नाही. ती खपली आहे. हातावरची खपली वाळते, म्हणून तपकिरी आणि कडक दिसते. तोंडात सतत ओल असते, म्हणून इथली खपली मऊ आणि पांढरट. ती फायब्रिनची (रक्तातल्या एका प्रथिनाच्या धाग्यांची) जाळी आहे.”

“मग खाली काय चाललंय?”

“खालून नवं मांस भरतं. कडांकडून नवी त्वचा आत सरकत येते. काम पुरं झालं की खपली आपोआप सुटते. साधारण पाचव्या दिवसापासून ते दोन आठवड्यांपर्यंत. त्याआधी ओढली तर खालच्या कोवळ्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात.”

“आणि कान?”

“घशाचा आणि कानाचा निरोप एकाच मज्जातंतूतून (मेंदूपर्यंत निरोप नेणाऱ्या तारेतून) जातो. मेंदूचा पत्ता चुकतो. कान निरोगी आहे.”

“सहाव्या दिवशी दुखणं वाढतं का?”

“अनेकांचं वाढतं. खपली सुटू लागण्याचा काळ असतो. मोठ्या माणसांना तर अधिकच. वर्षानुवर्षं सुजून टॉन्सिल घशाच्या भिंतीला घट्ट चिकटलेले असतात, जखम मोठी होते. पण यांचं दुखणं त्याहून अधिक आहे. कारण गळपट्ट्यावर आहे.”

मी गळपट्टा पाहिला. आज गिळलं : ७४.

“माणूस दिवसात किती वेळा गिळतो?”

“सुमारे सहाशे वेळा. म्हणूनच तिथे टाके टिकत नाहीत. प्रत्येक गिळण्याबरोबर ती भिंत हलते, टाका ओढला जातो. बंद केलेल्या कप्प्यात जंतूही अडकतात. उघडी आणि ओली ठेवलेली जखम तळापासून भरत येते. पण रुग्ण गिळत नाहीत. खपली कोरडी पडते, आखडते, ताणते. अधिक दुखतं. दुखतं म्हणून ते अजून कमी गिळतात.”

ओली ठेवलेली.

माझ्या डोक्यात असा काही लख्ख उजेड पडला! गेल्या उन्हाळ्यात मी मामाच्या कामावर गेले होते. नव्या स्लॅबवर त्याने गोणपाटं पसरली होती आणि दिवसातून चार वेळा पाणी मारायला लावत होता. एका माणसाने दुपारचं पाणी चुकवलं, तर मामाने त्याला अख्ख्या साइटसमोर झापलं होतं. “सात दिवस! सात दिवस तहानला ठेवायचा न्हाई त्याला. वाळला की चिरतोय!”

मी मामासमोर उकिडवी बसले. “मामा, तो पोपडा नाहीये. ती गोणपाटं आहेत!”

त्याने भुवया वर केल्या.

“गळ्याने स्वतःच्या नव्या स्लॅबवर गोणपाटं पसरलीत. खाली काम चालू आहे. आणि तू पाणी बंद केलंस! सहाव्या दिवशी! तुझ्या साइटवर कोणी असं केलं असतं तर तू काय म्हणाला असतास?”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग बेसिनकडे. मग त्याने पाटी ओढली आणि लिहिलं, ‘घरी पाठवला असता.’

आई रडता रडता हसली. तेवढ्यात खाली बाबांचा भोंगा वाजला.

दवाखान्यात चार तास ठेवून घेतलं. रक्त परत आलं नाही. मॅडमनी त्याला आधी दुखण्याचं औषध दिलं, अर्ध्या तासाने पाण्याचा पेला. “दुखल्यावर औषध, असं नाही. वेळेवर औषध, मग पाणी, मग जेवण.” मामाने पहिला घोट घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, पण गिळला. पंच्याहत्तर. दुसरा. शहात्तर.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. “तुझं उत्तर राहिलंय.”

मी सगळं सांगितलं, टाक्यांपासून गोणपाटांपर्यंत. जुई आणि अल्फिया पडद्यातून ऐकत होत्या, आणि यावेळी एकही हसली नाही. मॅडम म्हणाल्या, “गोणपाटं मी ढापणार हं. उद्यापासून सगळ्या पेशंटना सांगणार.” जुईने पैजेच्या कोथिंबीरवड्या दुसऱ्या दिवशी पोचवल्या. मामासमोर खाणं क्रूरपणाचं होतं. मी खाल्ल्या.

घरी आल्यावर मामाने स्वतः पाटीवर लिहिलं, ‘चमच्या, बोल.’ चमच्याने एकोणतीस सूचना एका दमात म्हटल्या. मामाने कोळशाने गॅलरीच्या भिंतीवर दिवस आखले, त्याच्या साइटवर आखतो तसे, आणि प्रत्येक पेल्यामागे एक रेघ. आईने ती भिंत तशीच राहू दिली! सातवा दिवस वाईटच गेला. आठवाही. त्याचं दुखणं जादूने पळालं, असं मी सांगितलं तर खोटं होईल. नवव्या दिवशी त्याने वरणभात मागितला. अकराव्या दिवशी चमच्याने दिवा मारून मला दाखवलं, पांढरं जवळजवळ गेलं होतं. खाली गुलाबी, ओली, नवीकोरी त्वचा. कुणी टाका न घालता!

पंधराव्या दिवशी, रविवारी, मॅडमनी परवानगी दिल्यावर मामा आम्हाला नव्या वाचनालयाच्या साइटवर घेऊन गेला. काम नाही, नुसतं बघायला. परवाच पडलेला स्लॅब, वर ओली गोणपाटं. एक बाई पाइप धरून पाणी मारत होती. मामा जिना चढून वर आला आणि मध्येच थांबला.

“आक्का,” तो आईला म्हणाला, “हे काय येतंय?”

“काय?”

“वास. कसला हाय?”

आई म्हणाली, “अरे, ओल्या सिमेंटचा. गोणपाटाचा. नेहमीचाच आहे की.”

मामा वाकला, गोणपाटाजवळ नाक नेलं आणि डोळे मिटून श्वास घेतला. नाकाने. तोंड मिटून. अठरा वर्षं तो या वासात उभा होता. “नेहमीचा,” तो स्वतःशीच पुटपुटला. “मला वाटायचं, ह्याला वासच नसतोय.”

मी पण वाकले. जोरात हुंगलं. आणखी जोरात. काही नाही. नुसता गारवा.

भीती होती. अजूनही आहे, उगाच कशाला लपवू? पण मामाने बावीस वर्षं थांबून काय काय घालवलं होतं, ते त्याच्या मिटलेल्या डोळ्यांत मला दिसत होतं. मी ताठ उभी राहिले.

“आई, बाबा, ऐका. दिवाळीच्या सुट्टीत माझं ऑपरेशन करायचं. मी ठरवलंय. सहाव्या दिवशी मी रडेन, चिडेन, ‘पाणी नको’ म्हणेन. तेव्हा माझं ऐकायचं नाही, मामाला बोलवायचं. आणि चमच्याला कोणीही गप्प बसवायचं नाही. मला त्याला अजून खूप विचारायचंय.”