खुंट्या आधी कोण काढणार?

"आजचा दिवस मानवजात कधीही विसरणार नाही!" चंद्रावरच्या उत्तर वस्तीचे प्रमुख घोरपडे माइकवर गरजले. मानवजातीने, म्हणजे वस्तीतल्या झाडून साऱ्या चाळीस माणसांनी, टाळ्या वाजवल्या. उत्तर आणि दक्षिण वस्तीचे लोखंडी बोगदे आज मधोमध जोडले जाणार होते. दोन्ही बोगदे दिमाखात पुढे सरकले आणि खाडकन एकमेकांवर आपटले. दोन्हींच्या तोंडाच्या कड्यावर खुंट्याच खुंट्या. भोकं कुणाकडेच नव्हती.

"भोकं तुम्ही ठेवायची होती!" रेडिओवर दक्षिणेचे प्रमुख सबनीस कडाडले.

"आम्ही काय म्हणून? आम्ही कमी आहोत का?" घोरपडे उसळले.

गर्दीतल्या छोट्या केतकीचा चेहरा पडला. तिचा बाबा दक्षिणेत कामाला गेला आणि चांद्रगाडी बिघडल्याने तिकडेच अडकला. घरी यायला आता हा बोगदाच काय तो रस्ता.

"तात्या, मोठी माणसं अशी का वागतात?"

तिचे आजोबा तात्या जन्मभर अवकाशयानांच्या जोडण्या करून निवृत्त झाले होते. "जुनी खोड आहे गं. दुसऱ्या महायुद्धानंतर पृथ्वीवर दोन महासत्ता उरल्या. अमेरिका भांडवलशाहीवाली (कारखाने, दुकानं बहुतेक खाजगी), सोव्हिएत संघ साम्यवादी (तेच सगळं सरकारच्या ताब्यात). जगानं आपल्यासारखंच वागावं, हा दोघांचाही हट्ट."

"मग जुंपली?"

"समोरासमोर नाही. दोघांकडे अणुबॉम्ब, पहिला टाकणाराही वाचला नसता. म्हणून शीतयुद्ध (थेट न लढता केलेली चढाओढ). यानं बॉम्ब वाढवले की तो घाबरून आणखी वाढवी. ते बघून हा घाबरे. दोघंही म्हणत, आम्ही फक्त बचाव करतोय."

"आणि अवकाशात?"

"तिथेही शर्यत. पण दोघांची यानं १९७५ साली अवकाशात जोडायची ठरली. इंजिनिअरांनी युक्ती केली, दोन्ही कडी सारखीच बनवली, दोन्हींवर पुढे आलेले भागही आणि खाचाही. बोटांत बोटं गुंतव बघू."

केतकीने गुंतवली. "प्रत्येक बोट म्हणजे खुंटी, आणि शेजारची फट म्हणजे भोक! तात्या, आपल्या खुंट्या स्क्रूसारख्या आट्यांवर फिरवून बसवल्यात ना? एक सोडून एक काढली, तर जागेवर भोक उरेल!"

ती घोरपड्यांकडे धावली.

"उत्तम!" ते म्हणाले. "आधी त्यांनी काढाव्यात."

"आधी त्यांनी!" रेडिओ म्हणाला.

"हे बघ," तात्या शांतपणे म्हणाले, "यालाच शीतयुद्ध म्हणतात."

केतकीने माइकच ओढला. "सबनीसकाका, घोरपडेकाका, दोघांनी एकदम एकेक काढायची. लबाडी केली तर दाराच्या काचेतून दिसेलच!"

"महासत्तांनीही शेवटी असंच केलं," तात्या पुटपुटले. "एकमेकांना तपासू दिलं आणि बरेच बॉम्ब मोडीत काढले."

एक इकडची, एक तिकडची, खुंट्या निघाल्या. कडं एक घर फिरवलं. खट्! खुंटी भोकात, भोकावर खुंटी. दार उघडलं आणि बाबाने केतकीला उचलून थेट खांद्यावर घेतलं. चंद्राच्या हलक्या गुरुत्वाकर्षणामुळे ती जवळजवळ छताला टेकली. दोन्ही वस्त्या नाचू लागल्या.

"मंगळावर जाऊ तेव्हा कडी अशीच करायची," केतकी वरूनच म्हणाली. "आधीपासून."

घोरपड्यांनी घसा साफ केला. "या ऐतिहासिक क्षणी..."

"भाषण जरा थांबवा हो," सबनीसांनी पाठीमागे लपवलेली वाटी हळूच पुढे केली. "चमचाभर विरजण मिळेल का? आमचं कधीचं संपलंय."