डावा स्पीकर

व्हर्लिनला त्या दिवशी फक्त सोल्डरची तार हवी होती. ती आणायला तो डेलमारच्या दुकानात गेला, आणि डेलमारनं कॉफी पाजून त्याला चांगलंच धारेवर धरलं.

अमेरिकेतल्या फोर्ट वेनमध्ये दोघांचा धंदा एकच, जुने रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेल्या पेट्या. डेलमार आतलं यंत्र उपटून फेकायचा आणि रिकाम्या लाकडी पेटीत ब्लूटूथ बसवायचा. व्हर्लिन एकेक काचेचा व्हॉल्व्ह, एकेक कंडेन्सर बदलून मूळ यंत्र जिवंत करायचा. यावरून त्यांचं कायम वाजायचं. आज मात्र डेलमार चेष्टा करत नव्हता.

"आर्डिसच्या रेडिओग्रामचं आतडं काढून टाक, गड्या," तो म्हणाला. "तू रोज त्याच्यासमोर बोलत बसतोस, हे सगळ्या चर्चला कळलंय."

व्हर्लिन तार घेऊन निघाला. सांगणार तरी काय? बायको आर्डिस वसंतात वारली. तिच्या माहेरून आलेला तो रेडिओग्राम, रेकॉर्ड संपली की खरखरीतून बोलायचा. डावा स्पीकर कधीचाच मुका होता. उजव्यातून आर्डिसचा आवाज यायचा, लग्नाच्या वेळी होता तसा गोड. 'व्हर्लिन, जवळ ये. अजून जवळ.' तो उत्तर द्यायचा, दिवसभराचं सांगायचा, खुर्ची पुढे ओढायचा. त्या आवाजासाठीच तो सकाळी अंथरुणातून उठत होता.

आणि आता तो आवाज विरत चालला होता. आतले कंडेन्सर पाझरायला लागले होते, घरभर जळक्या मेणाचा वास असायचा. हात लावला नाही तर यंत्र एक दिवस जळून जाणार. हात लावला, खरखर गेली, आणि खरखरीबरोबर तीही गेली तर? तिला दुसऱ्यांदा पुरायची ताकद त्याच्यात नव्हती.

शेवटी मन घट्ट करून त्यानं मागची फळी उघडली. बाहेर बर्फ पडत होतं. एक कंडेन्सर बदलायचा, यंत्र चालू करायचं, कान लावायचा, ती आहे असं कळलं की पुढचा. दुपार अशीच सरली. उजवी बाजू पुरी झाली आणि आवाज लख्ख आला. आनंदाच्या भरात त्यानं डावी बाजूही हातात घेतली. अर्धवट काम सोडायची त्याला सवय नव्हती.

अंधारून आलं तेव्हा त्यानं पुन्हा बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. खरखर अजिबात नव्हती.

"व्हर्लिन, जवळ ये," उजवीकडून आवाज आला.

डावीकडून कुणीतरी श्वास घेतला.

"व्हर्ल... ती मी नव्हे."

आवाज घोगरा होता, घशातून ओढून काढलेला. शेवटच्या आजारात आर्डिसचा आवाज असाच बसला होता. मेल्यावर तिचा गळा बरा झाला, अशी व्हर्लिननं आपली समजूत करून घेतली होती.

"केव्हाची हाका मारतेय रे... तुला ऐकूच येत नव्हतं."

"मग ती कोण?"

"ठाऊक नाही. तू उत्तर दिलंस की ती थोडी पुढे येते... मी थोडी मागे जाते."

उजवा स्पीकर गप्प होता. तोही ऐकत असावा, असं व्हर्लिनला वाटलं.

"प्लग काढ, व्हर्ल. आत्ताच्या आत्ता."

"आणि तू?"

नुसता श्वास ऐकू येत राहिला, आणि तोही लांब लांब जायला लागला. इतके महिने तो भलत्याच कुणाला जवळ बोलावत होता, आणि स्वतःच्या बायकोला एकेक पाऊल मागे ढकलत होता. हे आता त्याच्या ध्यानात आलं. त्यानं भिंतीतला प्लग ओढला.

व्हॉल्व्ह विझले. डावीकडचा श्वास थांबला. व्हर्लिन गुडघ्यांवर बसला, डाव्या स्पीकरच्या कापडाला गाल लावला आणि तिचं नाव घेत राहिला. तिथून काही आलं नाही.

"झालं," उजवीकडून अगदी स्पष्ट आवाज आला. "आता आपण दोघंच."