काटवलाचं फूल साडेसहाला उमलतं

रविवारच्या भाजीबाजारात कामिनीनं काटवलं, म्हणजे कोणी कर्टुली म्हणतात ती, विकणाऱ्या बाईला भर गर्दीत असा काही प्रश्न विचारला, की शेजारी उभा असलेला माणूस पिशवी धरायची विसरून तिच्याकडे बघतच राहिला.

"मावशी, माझ्या काटवलाच्या वेलाले फुलं ढीगभर येतात... पण काटवल एक नाही धरत. दोन वर्षं झाली. काहून बरं?"

कौशल्याबाई दर पावसाळ्यात रामटेकच्या बाजूनं टोपलं घेऊन यायची. तोंडाची फटकळ. तिनं तराजू खाली ठेवला. "फुलाच्या बुडाशी बारीकशी काटेरी गाठ दिसते का?"

"दिसते."

"मंग मादी वेल आहे थो. एकटी काय करन बाप्पा? काटवलात नर वेल येगळा, मादी वेल येगळा. दोन्ही जवळ पाहिजेत. एवढं माहीत नाही तुले?"

भाजी घ्यायला आलेल्या चार बायका खुदकन हसल्या. कामिनीचे कान तापले. नागपुरातल्या सदर भागात चष्म्याच्या दुकानात रोज पन्नास लोकांचे डोळे तपासणारी सदतीस वर्षांची बाई, आणि घरच्या वेलाचं एवढंही कळू नये!

"माझ्याजवळ आहे," शेजारचा माणूस म्हणाला.

"काय?"

"नर वेल. म्हणजे... आता समजलं मले, की तो नर आहे. फुलंच फुलं, गाठ कुठंच नाही. मी तर उद्या उपटूनच टाकणार होतो जी त्याले."

"नका उपटू!" कामिनी एवढ्या जोरात ओरडली, की कौशल्याबाईच दचकली.

तर अशी ही सुरुवात. ना ओढणी अडकली, ना हातातली पुस्तकं सांडली. एक माणूस वेल उपटणार होता आणि एका बाईनं त्याला अडवलं, बस. त्याचं नाव मुकुंद. राहायला तिच्या मागच्याच गल्लीत, म्हणजे नंदनवन वस्तीतच. रोज दोन फुलं आणून देईन म्हणाला. कामिनीनं घर समजावून सांगितलं आणि जाता जाता म्हणाली, "नक्की याल नं भाऊ?"

आता आपल्या नागपुरात ऑटोवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळेच भाऊ. सवयीनं गेला तो शब्द तोंडातून. पुढं त्याचा तिला किती पस्तावा झाला, ते विचारू नका!

कामिनीचं घर दुमजली. खाली शोभाताई भाडेकरू, वर कामिनी, आणि त्याच्यावर गच्ची. आई आधीच गेलेली, चार वर्षांपूर्वी बाबाही गेले. भाऊ रोहित हैदराबादला. तो दर रविवारी फोन करायचा आणि "सगळं ठीक?" विचारून "ठीक" ऐकायचा. लग्नाचं म्हणाल तर बाबांच्या दुखण्यात ती वर्षं निघून गेली, मग लोकांनी विचारणंही सोडलं. तेव्हापासून तिनं गच्ची भरून टाकली. वांगी, मिरच्या, पुदिना, गवती चहा, ड्रममध्ये लिंबू, जुन्या बादलीत आंबाडी... सगळं तरारून यायचं. आणि मग ओट्याशी उभं राहून दोन वांग्यांची भाजी करायची, ती दोन वेळा खायची, तरी उरायची. उरलेलं आंबाडीचं जुडगं शोभाताईला, मिरच्या दुकानात. एवढं सगळं पिकवून ताटाला ताट लागत नाही, हे काय जगणं आहे? ती कोणाजवळ बोलायची नाही. पण दुकानातून पाचला सुटून घरी आली, की जिन्यात चप्पल काढताना तिला रोज वाटायचं, की आज कोणीतरी विचारावं, आलीस का?

मुकुंद पहिल्या संध्याकाळी आला तो तीन फुलं घेऊन. स्टीलच्या छोट्या डब्यात, ओल्या रुमालावर निजवलेली.

"काटवलाचं फूल साडेसहाला उमलते," तो धापा टाकत म्हणाला. "माझ्याकडचं उमललं की तोडून लगेच निघालो. किती पायऱ्या आहेत हो तुमच्या घराले!"

"तुम्ही काय काम करता?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

कामिनीला हसू आवरेना. "मग तुम्हाले पायऱ्यांची सवय नसन."

"उलटं आहे मॅडम! जिथं लिफ्ट बंद, तिथंच आमाले बोलावतात. आमच्या नशिबी जिनाच."

त्यानं नर फुलाच्या पाकळ्या अलगद मागं दुमडल्या आणि फूल तिच्या हातात दिलं. "तुम्हीच करा. वेल तुमचा आहे." पिवळसर मादी फुलाच्या तोंडाशी तिनं ते हलकेच टेकवलं, एकदा, दोनदा... तो शेजारी श्वास रोखून उभा. दोघांच्या मधे एक पान होतं फक्त.

"झालं?" तिनं विचारलं.

"मले काय माहीत? मीही पहिल्यांदाच पाहून राहिलो."

मग तो रोज यायला लागला. साडेसहा वाजून दहा मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजायची. पहिल्या मजल्यापर्यंत भराभर, मग जरा थांबून, मग हळूहळू. कामिनी चहाचं आधण त्या आवाजावर ठेवायची. गवती चहा गच्चीवरचा, आलं कुंडीतलं. एका संध्याकाळी चांगलाच पाऊस लागला. मुकुंदनं छत्री उघडली आणि ती थेट फुलावर धरली, धुऊन जाऊ नये म्हणून. ही दोघं बाहेर, ओलीचिंब!

"अहो, तुमचा शर्ट..."

"शर्ट वाळते. फुलाचं सांगता नाही येत."

तिच्या पापणीवरून थेंब ओघळला. दिवसभर ती परक्या डोळ्यांत बॅटरी मारून बघायची. आज कोणीतरी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि पाहतच राहिलं... तिनंच मान वळवली.

बाराव्या दिवशी पहिली काटवलं तोडली. पाच!

"तीन माझी," ती म्हणाली. "वेल माझा आहे."

"फूल कोणाचं होतं?"

"छत्री धरायले काय लागते? मेहनत माझी."

"बरं बाई, तीन तुमची. पण परतून तुम्हीच द्याल. मले काटवलाची भाजी जमत नाही."

"मग तुम्हाले काय जमते?"

"खिचडी," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "एकट्याची." त्याचं लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. नऊ वर्षं होऊन गेली. ते त्यानं एकाच वाक्यात सांगितलं आणि तिनंही पुढं खोदलं नाही. त्या दिवशी तिनं त्याला भाजीचा डबा दिला. आपल्याकडं डबा रिकामा परत करत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा डब्यात त्याच्या गच्चीवरचा कढीपत्ता होता.

शोभाताईचं लक्ष नसेल, असं होईल का? "काय वं कामिनी, तुहा तो भाऊ लय नेमाचा आहे," ती जिन्यात डोळे मिचकावून म्हणाली. "माह्या सख्ख्या भावाले राखीच्या दिवशीही इतकी घाई नसते."

"अहो, फुलं द्यायले येतात ते."

"हाव, दिसून राहिलं मले!"

आणि एवढं सगळं छान चाललेलं असताना, ऐन श्रावणात एका संध्याकाळी मुकुंद डब्याऐवजी पोतं खांद्यावर घेऊन वर आला. पोत्यात मातीचा गोळा, मातीत कंद, आणि वर लोंबणारा सगळा वेल, फुलांसकट.

"घरमालकाले गच्चीवर डांबर मारायचं आहे," तो कपाळ पुसत म्हणाला. "कुंड्या दोन दिवसांत खाली उतरवा म्हणाला. बाकीच्या जिन्यात ठेवतो. हा मात्र तुमच्याकडे आणला. आता लावा शेजारी शेजारी." मग हसत, तिच्याकडं न पाहता, "आता तुम्हाले माझी गरज नाही. फूल तुमच्याच गच्चीवर."

ते वाक्य टाकून तो वाट बघत उभा राहिला. 'आहे गरज' एवढंच तिनं म्हणावं, म्हणून तर तो ते बोलला होता. पण कामिनीनं ते उलटंच घेतलं. हा आपल्याला सोडून चाललाय, ते पण इतकं व्यवस्थित, पोत्यात बांधून! आणि स्वाभिमान म्हणून एक चीज असते ना, ती नको तिथं उभी राहते.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुमचीही रोजची चक्कर वाचली."

अगं बाई, काय बोलून बसलीस! पण बोलून झालं होतं. मुकुंदनं माती थापली, पाणी घातलं, चहा न घेता उतरला. पावलं या वेळी न थांबता खालपर्यंत गेली.

तिसऱ्या दिवशी नर वेलानं माना टाकल्या. पाचव्या दिवशी पानं कुरकुरीत झाली. तिनं सावली केली, शेणखताचं पाणी घातलं, कशाचा उपयोग नाही. शेजारी तिचा वेल मात्र रोज साडेसहाला फुलायचा. सहा फुलं, सात फुलं, सकाळी सगळी गळालेली. मुकुंद येत नव्हता. कशाला येईल? आपणच तर सांगितलं, चक्कर वाचली. तिनं एकदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काय म्हणायचं? तुमचा वेल मेला म्हणायचं? मग तो दुसरीकडून फूल आणून देईल, आणि ती पुन्हा थँक्यू म्हणेल, आणि फुलांचा हंगाम दसऱ्यापर्यंत संपेल. मग? फूल नसताना तो कशासाठी यावा, याचं एकही कारण तिला सापडेना. खरं कारण एकच होतं आणि ते तोंडातून काढायची तिला भीती वाटत होती. या वयात नाही म्हणाला तर लपायचं कुठं? मागची गल्ली, तोच बाजार.

आठव्या संध्याकाळी पावलांची वाट न बघता सव्वासहालाच आधण ठेवलं गेलं. साडेसहा झाले. पावणेसात. चहा उकळून उकळून काळा झाला. कामिनीनं गॅस बंद केला, चप्पल घातली, आणि केस विंचरायलाही न थांबता मागच्या गल्लीत गेली.

मुकुंदच्या जिन्यात पायरीपायरीवर कुंड्या होत्या. वर डांबराचा वास. तो दारातच स्टुलावर बसून कुठलं तरी बटण उघडून दुरुस्त करत होता. तिला बघून उभा राहिला तर मांडीवरचे स्क्रू सगळे खाली सांडले.

"वेल वाळला," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "माफ करा. भर फुलात कंद हलवू नये. मले माहीत होतं."

"माहीत होतं तर काहून हलवला?"

"इथं ठेवला असता तर डांबराखाली गेला असता. आणि..." तो खाली वाकून स्क्रू वेचायला लागला. "आणि तुमच्या गच्चीवर माझं काहीतरी राहावं, असं वाटलं."

"मग आठ दिवस आले काहून नाही?"

"तुम्ही म्हणाल्या, चक्कर वाचली."

"तुम्ही म्हणाले, गरज नाही!"

खालून कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग मुकुंदच हळूच म्हणाला, "उद्या कौशल्याबाईले सांगतो. ती जंगलातून नर वेलाची फुलं आणून देईन. फ्रिजमधे ठेवली तर एक-दोन दिवस टिकतात..." आणि जीभ चावून थांबला.

"टिकतात?" कामिनीनं डोळे बारीक केले. "हे कधीपासून माहीत आहे तुम्हाले?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग एकदम आठ फुलं आणून ठेवता आली असती! रोज कशाले चढत होते जिना?"

तो पुन्हा स्क्रू वेचायला लागला. कान मात्र लाल झाले.

"मलेही माहीत होतं," कामिनी म्हणाली. आता मागं फिरायला जागाच नव्हती. "मीही वाचलं होतं मोबाइलवर. म्हणूनच फ्रिजचं नाव नाही काढलं कधी." ती एक पायरी वर चढली. "मले फुलं नको आहेत मुकुंद. काटवलं बाजारात भेटतात. मले ना... संध्याकाळी कोणीतरी यावं वाटते. कोणीतरी म्हणजे तुम्ही. तुमचा पाय वाजला की माझ्या घरात दिवा लागल्यासारखं होते. आठ दिवस नाही वाजला तर मी... लय एकटी आहे हो मी. सवय झाली म्हणून सांगते सगळ्यांले, पण नाही झाली."

बोलून ती रडायलाच लागली, जिन्यात, कुंड्यांच्या मधोमध उभी राहून. मुकुंदनं दोन पायऱ्या उतरून तिचा हात धरला. हाताला ग्रीस होतं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"मीही आठ दिवस साडेसहाले तयार होऊन बसत होतो," तो म्हणाला. "शर्ट घालून. जायले कारण नव्हतं म्हणून बसून राहत होतो."

"आता?"

"आता कारण विचारलं कोणी, तर तुमचं नाव सांगीन."

ती रडता रडता हसली. नंतर दोघं तिच्या घरी आले तेव्हा दिवे लागले होते. शोभाताईनं दार किलकिलं केलं आणि शहाण्यासारखं लावून घेतलं. मुकुंद वर गच्चीवर मेलेल्या वेलाची माती मोकळी करत बसला. कंद जिवंत असेल तर पुढच्या पावसाळ्यात फुटेल, म्हणाला, नसेल तर नसेल. कामिनी स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात हात घालून उभी होती. कितीतरी वेळ उभी होती. दोघांचा भात किती लावायचा, तिला आठवेना.

"अहो," तिनं खिडकीतून वर हाक मारली, "दोघांले तांदूळ किती लागतात?"

वर माती उकरायचा आवाज थांबला. मग मुकुंदचा आवाज आला, "मीही एकाचाच लावतो. मले काय माहीत?"

"जास्त झाला तर?"

"होऊ द्या नं," तो म्हणाला. "उद्या फोडणी देऊन खाऊ."