ढोल्याला मराठी येत नाही

मराठी येत नाही असं दाखवण्यात टिटवीचा फायदाच फायदा होता. सगळे परदेशातून मायदेशी, आत्याच्या घरी राहायला आल्यापासून आत्याने भांडी लावायला सांगितली, की ती डोळे मिचकावून तिकडच्या भाषेत "काय?" म्हणायची. आत्या कपाळाला हात लावून स्वतःच कामाला लागायची!

खरं तर तिकडे आई-बाबा मुलांना कळू नये म्हणून मराठीतूनच भांडायचे. ते ऐकून टिटवी आणि तिचा धाकटा भाऊ मराठीत पक्के तयार झाले होते. गुपित फक्त आतेभावाला ठाऊक होतं आणि त्याचं तोंड चॉकलेटांनी बंद होतं. ढोल्याशी मात्र कुणीच भांडत नसे, त्यामुळे त्या कुत्र्याला खरोखरच मराठी येत नव्हतं.

विमानाने आलेला ढोल्या तपासणीसाठी प्राण्यांच्या निवाऱ्यात होता. बाबा तिन्ही मुलांना घेऊन त्याला आणायला गेले. रखवालदाराने एक तपकिरी कुत्रा पुढे केला.

"किती वाळला रे!" म्हणत बाबा फोन कानाला लावून बाहेर गेलेसुद्धा.

कुत्रा उड्या मारायला लागला. "बस खाली!" रखवालदार ओरडला.

आणि कुत्रा बसला!

मराठीत सांगितलं आणि बसला? टिटवीने तिकडच्या भाषेत पंजा मागितला. कुत्रा नुसता बघत राहिला.

"ताई, हा आपला नाही!" धाकटा रडवेला होऊन तिकडच्या भाषेत म्हणाला.

रखवालदार झाडूवाल्या मावशींकडे वळला. "बोला बिनधास्त, या पोरांना मराठी काय कळतंय! खरा सापडला?"

"कडी तुम्हीच उघडी टाकलीत! आवारातल्या सामानाच्या ट्रकात कपाटांमागे दडलाय. हाका मारून घसा बसला, येतच नाही!"

"जाऊ दे. ट्रक गेला की सुटलो!"

बाहेर इंजिन घरघरलं. आतेभाऊ धावला आणि त्याने फाटक लावून टाकलं.

"काका, थांबा! आमचा कुत्रा आहे आत!" टिटवी खणखणीत मराठीत ओरडली.

ट्रक थांबला. तिने तिकडच्या भाषेत हाक मारली. काहीच नाही! दुसरी हाक... नखांची खरखर झाली आणि ढोल्या धाडकन धाकट्याच्या अंगावर!

बाबांच्या हातातला फोन निसटला. "टिटवे, तुला मराठी कळतं? म्हणजे आमची भांडणंसुद्धा..."

"सगळी!" धाकटा म्हणाला.

रखवालदाराने निवाऱ्याच्या मालकाची बोलणी खाल्ली. बाबा रात्रभर आईशी गोड बोलत राहिले. आतेभावाची चॉकलेटं बंद झाली. पण सगळ्यात जास्त भुर्दंड टिटवीलाच पडला.

"शाब्बास गं माझी वाघीण!" आत्याने तिला पोटाशी धरलं. "चल आता, भांडी लाव!"