चारपेक्षा किंचित कमी

ती प्रिंटरपाशी धावत पोहोचली, तर तिची पानं दुसऱ्याच कुणाच्या हातात!

"माझी आहेत ती," ती धापा टाकत म्हणाली. अकराला तिचा सेमिनार होता.

"हो, पण... तुमच्या फोटॉनला वस्तुमान आलंय."

वरच्या मजल्यावरचा नवा संशोधक होता तो. सगळे त्याला मौनीबाबा म्हणत. आणि बोलला तर हे! प्रकाशाच्या कणाला वस्तुमान नसतंच. म्हणजे तीन महिन्यांचं काम पाण्यात? तिनं पानं त्याच्या हातून ओढूनच घेतली.

"घाबरू नका. बसा."

दोघं जिन्याच्या पायरीवरच बसले. अवकाशाच्या तीन आणि काळाची एक, अशा चार मितींत हे गणित सोडवलं की उत्तर अनंत येतं. म्हणून मिती चारपेक्षा किंचित कमी धरायच्या आणि ते 'किंचित' अगदी शेवटी शून्यावर न्यायचं, हे तिला तोंडपाठ होतं. त्यानं सातव्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

"इथे घाईनं सरळ चार लिहिलंत. त्या 'किंचित'ला अनंतानं गुणलं, की हाती काहीतरी उरतं. तेच निसटलं."

डोक्याला डोकं लावून दोघांनी हिशेब पुन्हा मांडला. अकराला दहा कमी असताना वस्तुमान शून्य झालं. ती खुदकन हसली... आणि तो पानाऐवजी तिच्याकडेच बघत राहिला.

सेमिनारमध्ये तिच्या मार्गदर्शक सरांनी नेमकं तेच विचारलं. तिनं ठणकावून उत्तर दिलं.

मग महिनाभर रोजचा चहा एकत्र. मौनीबाबा बोलायचा थांबेना! आणि एका दुपारी म्हणाला, "परदेशातून नोकरीचं पत्र आलंय. आज पाचपर्यंत कळवायचंय."

"अभिनंदन." तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"एवढंच? सरांना तर कसं फाडफाड उत्तर दिलंत!"

"तिथे उत्तराची खात्री होती," ती म्हणाली. "इथे... जाऊ नका म्हटलं, आणि तरी तुम्ही गेलात तर?"

"म्हणून तर बघा."

"जाऊ नका."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. संपलं सगळं, तिला वाटलं.

"वर्षभरानं आलो तर चालेल का, म्हणून त्यांना विचारलं होतं," तो हळूच म्हणाला. "चालेल म्हणाले. तोवर तुमचा प्रबंध होईल. मग... दोघं जाऊ?"

"मग इतका वेळ माझा जीव टांगणीला लावलास? तू ना, अगदी—"

ती चपापली. महिनाभराचं 'तुम्ही' कुठे गळून पडलं, तिचं तिलाच कळलं नाही.

तो हसला. "अगदी काय? सांग ना."