उलटा तवा

दसरा होऊन गेला होता. आता कसला पाऊस, असं म्हणून पद्मजाने अंगणात मेथी वाळत घातली होती. विजय नगरातलं साधंसं घर, पुढे फरशीचं अंगण, गेटाबाहेर जुना कडुनिंब. दुपारी ती मेथी गोळा करायला बाहेर आली, तर उजेडच बदललेला. भिंतींवर, फरशीवर, तिच्या हातांवर हळदीच्या पाण्यासारखा पिवळा उजेड. एक पाखरू बोलेल तर शपथ.

भिंतीपलीकडून शेजारची अमिता म्हणाली, "काकू, मोबाइलवर सांगून राहिले, समुद्रातलं तुफान इकडे वळू शकते. नाहीतर नाही पण वळणार. पक्कं काही नाही जी."

पद्मजाने आभाळाकडे पाहिलं. मागच्या वर्षी असंच आभाळ होतं. तिची एकुलती एक अवंतिका नेपियर टाउनच्या कोचिंगहून स्कूटीवर निघाली, वाटेत झाडाची फांदी कोसळली, आणि पोरगी घरी आली ती पांढऱ्या चादरीत.

पद्मजाने लगबगीने पोळ्यांचा लोखंडी तवा आणून अंगणाच्या मधोमध उलटा ठेवला. लोखंड दिसलं की वादळ वाट बदलतं, असं सासूबाई म्हणायच्या. मागच्या वर्षी तेवढंच राहून गेलं होतं, आणि ते तिच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.

रिछाईच्या कारखान्यातून नवऱ्याचा, धनेशरावांचा, फोन आला. "तवा ठेवला का?"

"ठेवला."

"मग घरातच राहा. बाहेर निघू नको."

फोन ठेवते तोच गेटवर हॉर्न वाजला. दोनदा, तुटक.

गेटाची कडी आतूनच निघायची, म्हणून अवंतिका तसा हॉर्न द्यायची. पण ती स्कूटी तर केव्हाच भंगारात गेली होती.

पद्मजा गेटाशी गेली. बाहेर कुणी नव्हतं. ओल्या रेनकोटचा वास मात्र येत होता, आणि पाऊस तर अजून थेंबभरही पडला नव्हता.

"अवू...?"

"आई... आत नाही येता येऊन राहिलं..."

आवाज गेटाच्या अगदी पलीकडून आला.

"काहून गं बाळा?"

त्याचं कारण पद्मजाचं तिलाच उमगलं. लोखंड वादळाला अडवतं, तसं गेलेल्यांनाही अडवतं, त्यांना पोळतं. अवंतिका जन्मली तेव्हा तिच्या उशाशी लोखंडी अडकित्ता ठेवला होता, तो काय उगाच? बाहेरचं काही बाळाजवळ येऊ नये म्हणून. आज तेच बाळ बाहेर होतं.

"थांब... उचलते."

भीती कुठल्या कुठे गेली. आईचंच काळीज ते. तिने तवा उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, गेट सताड उघडलं आणि कडुनिंबाखाली उभी राहून हात पसरले. "ये गं... ये आता."

वारा एकदम सुटला. धूळ, पानं, डोळे उघडवेनात. आणि हॉर्न वाजला, पण मागून, घरातून.

पोरगी आत शिरली! पद्मजा घराकडे पळाली. ती अंगणात पाय ठेवते न ठेवते तोच कडुनिंबाची मोठी फांदी कडाडून खाली आली, नेमकी ती उभी होती तिथे.

तिने आत जाऊन दोन्ही खोल्या पाहिल्या, दारामागे पाहिलं, न्हाणीघर पाहिलं. कुणी नव्हतं. ओट्यावर तवाही नव्हता.

तो अंगणाच्या मधोमध होता. उलटा.

वारा पडला. पिवळेपणा हळूहळू निवळला. तुफान दुसरीकडे वळलं होतं.

संध्याकाळी धनेशराव फांदी ओलांडून आत आले. पद्मजा तव्यापाशी बसून होती.

"तवा होता म्हणून वाचलीस," ते म्हणाले.

"मी तर उचलला होता... हे बघा." तव्याच्या काजळीत चार बोटं उमटली होती. करंगळी वाकडी, अवंतिकाची लहानपणी झोक्यावरून पडून मोडली होती, तशीच. "तिनंच परत ठेवला हो... माझ्यासाठी. आता ती कशी येईल?"

धनेशरावांनी तव्याला हात लावला. लोखंड थंडगार होतं. फक्त त्या चार ठशांच्या जागा भाजत होत्या, आत्ताच जाळावरून काढल्यासारख्या.

पद्मजाने आपली बोटं त्या ठशांवर ठेवली. चटका बसत होता, तरी तिने ती उचलली नाहीत.